बालकांच्या सवयी

वारंवार केल्यामुळे अंगवळणी पडलेल्या आणि विशिष्ट प्रसंगी फारसा विचार न करता घडणाऱ्या वर्तनास सवय असे म्हणतात. जेवणापूर्वी हात धुणे, ठराविक वेळी झोपणे, खेळणी जागच्या जागी ठेवणे, मलमूत्रविसर्जनावर ताबा मिळविणे इ. सवयींचा पाया पहिल्या सहा वर्षांत घातला जातो. सवयी जन्मजात नसून संपादित असतात. त्यामुळे चांगल्या सवयीचा अभाव हा मुलाच्या स्वभावाचा दोष नसून बहुधा सरावाचा व परिसराच्या मांडणीचा प्रश्न असतो.

सवय कशी जडते : विल्यम जेम्स (१८४२–१९१०) यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानसशास्त्रविषयक ग्रंथात सवयीचा संबंध मज्जासंस्थेच्या घडणक्षमतेशी जोडला. ज्या कृतीचा परिणाम सुखद होतो ती दृढ होते, हा एडवर्ड थॉर्नडाइक (१८७४–१९४९) यांच्या परिणाम-नियमाचा आशय होय. प्रसंग, कृती व समाधान ही साखळी पुनःपुन्हा घडली, की प्रसंग येताच कृती आपोआप होऊ लागते. उदा., पाट मांडला की हात धुवावयाचे, हा क्रम रोज पाळल्यास पुढे सांगावे लागत नाही. लंडन येथील प्रौढांवरील एका अभ्यासात (२०१०) नवी कृती अंगवळणी पडण्यास व्यक्तिपरत्वे १८ ते २५४ दिवस लागतील, असे अनुमान निघाले. मात्र मधला एखादा दिवस चुकल्याने प्रगतीस विशेष बाध आला नाही. मुलांना हे आकडे जसेच्या तसे लागू करता येत नसले, तरी पालकांनी धीर धरणे किती आवश्यक आहे, हे त्यांवरून ध्यानात येते.

अनुकरण : अल्बर्ट बांडुरा (१९२५–२०२१) यांच्या १९६१ च्या प्रयोगात प्रौढ व्यक्तीने बाहुल्यास मारताना पाहिलेल्या मुलांनी स्वतःही तसेच केले. हात न धुता ताटावर बसणाऱ्या वडिलांचा उपदेश म्हणूनच निष्फळ ठरतो.

परिसराची मांडणी : मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी १९०७ मध्ये रोम येथे बालगृह सुरू केले. मुलांच्या उंचीचे सामान, पाणी ओतणे, गुंड्या लावणे यांसारखी जीवनव्यवहाराची कामे यांवर त्यांचा भर होता. महाराष्ट्रात ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी बोर्डी व कोसबाड येथे हे शिक्षण ग्रामीण व आदिवासी जीवनाशी जुळवून घेतले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी आकारास आली. घरातही हेच सूत्र उपयोगी पडते. तोटीपर्यंत हात पोहोचत नसेल, तर पायाखाली चौरंग ठेवावा; कपड्यांची खुंटी खाली लावावी. मूल हळू व सांडत-लवंडत काम करते म्हणून घाईत तेच काम आपण उरकले, तर त्याच्या सरावाची संधी जाते.

बक्षीस व शिक्षा : मार्क लेपर व सहकाऱ्यांच्या १९७३ च्या प्रयोगात, चित्रे काढल्यास बक्षीस मिळेल असे आधी सांगून ते दिलेल्या मुलांची चित्रकलेतील रुची पुढे घटलेली आढळली. मुलाला मुळात आवडणाऱ्या कामासाठी आमिष दाखविणे म्हणूनच टाळावे. ‘चप्पल आज तूच जागेवर ठेवलीस’ अशी नेमकी दखल बहुधा पुरते. शिक्षेच्या भीतीने वर्तन तात्पुरते थांबते, पण योग्य वर्तन शिकविले जात नाही. शौचाची शिस्त सर्वसाधारणपणे दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान, शारीरिक तयारी झाल्यावर लागते. पाच वर्षांखालील मुलाने रात्री अंथरूण ओले करणे सामान्य असून ते मुलाच्या इच्छेवर अवलंबून नसते. त्यासाठी मारणे वा चारचौघांत हिणविणे अन्यायाचे व अपायकारक आहे. शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस शिक्षणहक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ अन्वये मनाई आहे. घरात हे बंधन पालकांनी स्वतःवर घालून घ्यावयाचे असते.

सारांश, एका वेळी एकच सवय हाती घेणे, घरातील सर्वांनी तिचा क्रम सारखाच पाळणे आणि मुलाला जमू लागताच आपली मदत कमी करीत जाणे, हा सवयी लावण्याचा इष्ट मार्ग होय. मोठ्यांची नजर नसतानाही मूल ती कृती करू लागले, म्हणजे सवय जडली असे समजावे.