मनोरुग्णाची मजुरी

मनोरुग्ण म्हटला की गोळ्या, इंजेक्शन आणि कुलूप एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. त्याला मजुरी किती मिळते, तो मतदान करतो काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. हे प्रश्न विचारणाऱ्या एका डॉक्टरांची ओळख सभासदांना व विद्यार्थी मित्रांना करून द्यावी, असे आम्हास वाटले.

फ्रँको बासाग्लिया (१९२४-१९८०) हे इटलीतील मनोविकारतज्ज्ञ. तरुणपणी फॅसिस्टविरोधी कार्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला होता. १९६१ साली ते गोरिझिया येथील मनोरुग्णालयाचे संचालक झाले, तेव्हा त्यांना त्या तुरुंगाचीच आठवण झाली. रुग्णांना बांधल्याच्या नोंदवहीवर सही करण्यास त्यांनी नकार दिला. (आपल्याकडे साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई करणारा कायदा २०१७ साली झाला.) भिंतीआड बहुतांशी गोरगरीबच आहेत, पैसेवाल्यांना खाजगी दवाखाने मोकळे आहेत, हे त्यांनी उघडपणे मांडले. आजार सारखा, भोग मात्र निराळा!

१९७१ मध्ये ते त्रिएस्ते शहरातील रुग्णालयात गेले. तेथे सुमारे १२०० रुग्ण होते. आम्ही बँकेत नोकरी करणारे, म्हणून तेथील एक गोष्ट आम्हास विशेष भावली. रुग्णालयातील झाडलोट वगैरे कामे रुग्णच करीत, पण त्यास 'उपचार' असे गोंडस नाव असल्यामुळे हाती नाममात्र मोबदला पडे. तीच कामे करणाऱ्या रुग्णांची सहकारी संस्था १९७२ पासून उभी राहिली, रीतसर करार झाला आणि मजुरी सुरू झाली. स्वतःच्या कमाईचे पैसे मोजणाऱ्या माणसाला वेडा म्हणून बाजूला सारणे तितके सोपे राहत नाही.

रुग्णालयात कपड्यांची गाडी ओढणारा मार्को नावाचा घोडा होता. १९७३ साली रुग्ण व कलावंतांनी त्याच्या नावाने भला मोठा निळा घोडा तयार केला. तो दारातून बाहेर निघेना, तेव्हा दार फोडून त्याची शहरातून मिरवणूक काढली.

१३ मे १९७८ रोजी इटलीत कायदा क्रमांक १८० मंजूर झाला. नवी मनोरुग्णालये बांधण्यास बंदी आली. सक्तीच्या उपचारासाठी दोन डॉक्टरांचे मत व महापौरांचा आदेश आवश्यक ठरला, तोही एका वेळी सात दिवसांपुरता.

हे सर्व सुरळीत झाले असे मात्र नाही. १९६८ मध्ये गोरिझियाहून सुटीवर घरी गेलेल्या एका रुग्णाने पत्नीचा खून केला. बासाग्लिया यांच्यावर आरोप ठेवला गेला व ते निर्दोष सुटले. पुढे कायदा आला, पण जेथे वस्तीतील केंद्रे वेळेवर उभी राहिली नाहीत तेथे सारा भार घरावर, म्हणजे बहुधा घरातील बाईवर पडला. आमच्या मते हा आक्षेप खरा आहे, पण तो कुलपे उघडण्यावर नसून पुढची सोय न करण्यावर आहे. त्रिएस्ते येथे ती केली गेली. तेथे चोवीस तास उघडी राहणारी, थोड्या खाटा असलेली केंद्रे निघाली आणि रुग्णाला राहण्यास जागा व हाताला काम मिळवून देणे हेही केंद्राचेच काम धरले गेले.