कृष्णकमळ लावू की करवंद?

दोस्तांनो, आमच्या घरात एकदा चक्क आठ दिवस भांडण चाललं होतं. कशावरून, ठाऊक आहे? एका झाडावरून! आणि गंमत म्हणजे ते झाड अजून लावलेलंच नव्हतं.

झालं असं, की वाईला आमच्या घरामागच्या परसात एक कोपरा रिकामा पडला होता. दहा फूट लांब, चार फूट रुंद. मागे तारेचं कुंपण, पण ते इतकं सैल, की शेळ्या बिनदिक्कत आत यायच्या. जून उजाडला, पहिला पाऊस झाला आणि ''इथे काय लावायचं?'' हा प्रश्न रात्रीच्या जेवणात निघाला. थोरली, म्हणजे माझी सातवीतली मुलगी, लगेच म्हणाली, ''कृष्णकमळाची वेल!'' धाकटा पाचवीत. तो ओरडला, ''छे! करवंद!'' आजी मात्र काहीच बोलली नाही.

आजी का गप्प होती, ते मला माहीत होतं. त्याच कोपऱ्यात पूर्वी आजीची लिंबोणी होती. तिच्या बुंध्याशी कृष्णकमळाचं एक कांडं हौसेनं मीच खोचलं होतं. पहिल्या वर्षी वेल फांद्यांवर चढली, फुलली. येणारा-जाणारा थांबून बघायचा. दुसऱ्या पावसाळ्यात लिंबोणी दिसेनाशीच झाली. तिच्या पानांना ऊन मिळेना. ती पिवळी पडली, लिंबं यायची थांबली. मी वेल कापली तोवर उशीर झाला होता. आजी मला एका शब्दानं बोलली नाही. पण तेव्हापासून आमच्याकडे लिंबं बाजारातून येतात.

म्हणून मी मुलांना सांगितलं, ''नुसतं ओरडून काही ठरणार नाही. दोन्ही झाडांची नीट चौकशी करा आणि आजीला सांगा. आजी ठरवील.''

त्या चौकशीत काय काय सापडलं, ते तुम्हीही ऐका.

एकीचा हात, दुसरीचा भाला

पान आणि खोड यांच्या बेचक्यात एक इवलासा कोंब असतो. माळीदादा त्याला 'डोळा' म्हणतात. एरवी त्यातून नवी फांदी फुटते. कृष्णकमळाची वेल मात्र तिथून एक बारीक हिरवी दोरी काढते. हाच तिचा तणावा. तणावा म्हणजे वेलीचा हातच म्हणा ना! हवेत चाचपडत राहतो. काठी, तार, सुतळी, जे लागेल त्याला विळखा घालतो आणि वेलीला वर ओढून घेतो.

आता करवंदीची फांदी बघा. तिच्या टोकाशीही कोंब असतो. पण त्याचे होतात काटे! बहुतेक जोडीनं आलेले, टणक आणि टोकदार. ढोरानं तोंड घातलं, की त्याला धडा मिळालाच म्हणून समजा.

थोरली हे पुस्तकात वाचून धावतच आली. ''बाबा, म्हणजे दोघींकडे कोंबच होता! एकीनं त्याचा हात केला, दुसरीनं भाला!'' अगदी बरोबर. आणि दोघींचे स्वभाव या एका गोष्टीतून उलगडत जातात.

डार्विनसाहेबांचा प्रयोग

चार्ल्स डार्विन हे नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांनी वेलींचा कित्येक महिने अभ्यास केला. १८६५ मध्ये त्यावर मोठा निबंध लिहिला आणि १८७५ मध्ये त्याचं पुस्तक काढलं. कृष्णकमळाच्या एका नाजूक भावंडाच्या तणाव्याला त्यांनी हलकेच स्पर्श केला. अर्ध्या मिनिटाच्या आत तो वाकू लागला! झाडं हलत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

तणाव्याची आणखी एक करामत आहे. काठी पकडून झाली, की मधला भाग स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो. पण नीट पाहा. अर्धे वेढे एका दिशेला आणि उरलेले उलट्या दिशेला! असं का? दोन्ही टोकं बांधलेली दोरी तुम्ही एकाच बाजूला पिळत राहिलात, तर तिला पीळ बसून ती दुमडते. वेढे उलटसुलट घातले, की पीळ फिटतो. या स्प्रिंगमुळे वाऱ्याचा झोत आला तरी वेल तुटत नाही. ताणते आणि पुन्हा जागेवर येते.

खर्चाचा हिशोब

समजा, तुम्हाला वर्षाला शंभर रुपये खाऊचे मिळतात. कृष्णकमळ ते सगळे लांबीवर उडवते. जाड खोड बांधायची तिला गरजच नाही, कारण उभं राहायला ती दुसऱ्याचा आधार घेते. म्हणून चांगली माती, पाणी आणि ऊन मिळालं, तर वर्षात पंधरा-वीस फूटही वाढते. फुलंही लवकर देते. पण पाच-सात वर्षांत बहुधा दमते. पाणी आटलं, की आधी तिचीच मान पडते.

करवंदीचा संसार काटकसरीचा. शंभरातले बरेचसे रुपये ती लाकडात, काट्यांत आणि जाड, चिवट पानांत गुंतवते. अशा पानांतून पाणी कमी उडतं. म्हणून वाढते हळू, पण सह्याद्रीच्या कातळावर, जिथे कोणी तांब्याभर पाणी घालत नाही, तिथे वर्षानुवर्षं तग धरते. आणि फळं देते कधी? भर उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये, डोंगर करपलेला असतो तेव्हा!

पहारेकरी कोण?

वेलीला काटे नाहीत, मग तिचं रक्षण कोण करतं? पॅशनफ्रूटच्या वेलीच्या पानाचा देठ निरखून पाहा. पानाशी तो जिथे जोडलेला असतो, तिथे दोन बारीक गाठी दिसतात. त्यांतून गोड रस पाझरतो. रसाला मुंग्या येतात आणि पान खायला आलेल्या किड्यांना हुसकून लावतात. पगार देऊन ठेवलेले पहारेकरीच की!

करवंदी पहारेकरी ठेवत नाही. तिचे काटे आहेत आणि शिवाय चीक आहे. कच्चं करवंद तोडलं, की पांढरा चीक येतो आणि ओठ कसे चिकटतात, हे तुमच्यापैकी अनेकांना अनुभवानं ठाऊक असेल! हा चीक तिच्या घराण्याचाच. कण्हेर, तगर, चाफा ही तिची भावंडं. पण सावधान! कण्हेर विषारी आहे. चीक आला म्हणजे करवंदच, असं समजून भलतंच फळ तोंडात टाकायचं नाही. मोठ्या माणसांनी ओळखून दिलेलंच खायचं.

पाहुणे आणि फळं

कृष्णकमळाचं फूल तुम्ही पाहिलंच असेल. भोवतीचे जांभळे तंतू म्हणजे शंभर कौरव, वरचे पाच पुंकेसर म्हणजे पांडव आणि मधोमध श्रीकृष्ण, असं आपल्याकडे सांगतात. तंतू मोजायला बसलात तर दर वेळी शंभर भरतीलच असं नाही हं! गंमत म्हणजे ही वेल मूळची अमेरिका खंडातली. तिकडे गेलेल्या स्पॅनिश धर्मगुरूंना याच फुलात येशू ख्रिस्ताच्या यातनांच्या खुणा दिसल्या. एक फूल, दोन गोष्टी!

या वेलीवर नारिंगी रंगाचं, काळ्या ठिपक्यांचं एक संथ फुलपाखरू येतं. इंग्रजीत त्याला टॉनी कोस्टर म्हणतात. ते आपल्याकडचंच. याच कुळातल्या इथल्या रानवेलींवर ते वाढायचं, मग त्याला ही परदेशी वेलही मानवली. त्याच्या काटेरी अळ्या वेलीची पानं फस्त करतात. पानांतलं विष अंगात असल्यानं पक्षी त्यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. अळ्या दिसल्या, की लगेच औषध फवारायला धावू नका. थोडी पानं गेली तर गेली, त्या बदल्यात फुलपाखरं मिळतात!

कृष्णकमळ म्हणून नर्सरीत दोन-तीन जाती मिळतात. काही नुसत्या फुलांसाठी, तर पॅशनफ्रूटच्या वेलीला खायची फळंही धरतात. पिवळ्या पॅशनफ्रूटची एकच वेल असेल, तर बहुधा फळ धरत नाही. दुसऱ्या वेलीचा पराग लागतो आणि तो आणायला मोठा काळा भुंगा लागतो. ''भिंत पोखरणारा भुंगा'' म्हणून त्याला मारू नका बरं!

करवंदीची फुलं पांढरी, जाईसारखी सुगंधी. फळांचं तर काय सांगावं! कच्च्या करवंदांचं लोणचं, पिकलेल्यांचं सरबत. केकवरची लालभडक 'चेरी' आपल्याकडे पुष्कळदा करवंदाचीच असते, रंग आणि पाक चढवलेली. आणि ''डोंगराची काळी मैना!'' ही हाक? डोंगरावरच्या बायका पहाटे उठून काट्यांत हात घालून करवंदं काढतात, पानांच्या द्रोणात भरून बाजारात आणतात. जिथे डोंगर फोडले, प्लॉट पडले, तिथल्या जाळ्या गेल्या. तिथे आता ही हाकही ऐकू येत नाही.

जाता जाता एक कोडं. या दोघींपैकी 'बेरी' कोणाची? वनस्पतिशास्त्र म्हणतं, दोघींची! बिया आत आणि भोवती रसाळ गर, अशा फळाला बेरी म्हणतात. फक्त वेलीच्या बेरीची साल टणक असते, एवढंच.

आजीचा निकाल

आठव्या दिवशी दोघांनी आजीपुढे आपापली बाजू मांडली. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि तीनच प्रश्न विचारले.

''त्या कोपऱ्यात मे महिन्यात पाणी कोण घालणार?'' आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी. दोघंही गप्प.

''शेळ्यांना कोण अडवणार?'' धाकट्याचा चेहरा खुलला.

''आणि वेल चढणार कशावर?'' थोरलीनं मागे पाहिलं. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचं सीताफळाचं कोवळं झाड होतं. ती हळूच म्हणाली, ''त्याच्यावर चढेल. आणि मग लिंबोणीसारखं होईल.''

करवंद ठरलं. मी आजीला म्हटलं, ''फळं यायला तीन वर्षं तरी लागतील हं.'' आजी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची. ती म्हणाली, ''लागू देत की. मला कुठे जायचंय?''

आम्ही नर्सरीतून चार रोपं आणली. तीन-तीन फुटांवर खड्डे घेतले, शेणखत घातलं. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात भांडी विसळलेलं पाणी आम्ही तिथेच घालत होतो. बाकी काही लाड नाहीत.

थोरली चार दिवस फुरंगटून बसली. मग तिनं स्वयंपाकघराची पश्चिमेची खिडकी मागितली. तिथे दुपारी उन्हाचा नुसता भडका असतो आणि जवळपास झाड नाही. आजीनं परवानगी दिली, पण अटीवर: ''आधी बांबू-सुतळीचा मांडव, मग वेल. आणि दर रविवारी कात्री तुझ्या हातात.'' तो रविवार थोरलीनं आजवर क्वचितच चुकवला आहे. दुपारी आता तिथे गार सावली असते.

आणि करवंदं? तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत पांढरी फुलं आली. मेमध्ये चार जाळ्या मिळून मोजून एकोणीस करवंदं पिकली. पहिलं अर्थातच आजीला. तिनं ते हातात धरून विचारलं, ''सांगा, कोंबडा की कोंबडी?'' आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी, हा खेळ ती तिच्या लहानपणी पसरणीच्या घाटात खेळायची. धाकटा म्हणाला कोंबडा, थोरली म्हणाली कोंबडी. आजीनं दातांनी करवंद फोडलं. लालचुटुक!

शेळ्या अजून येतात. कुंपणापाशी थबकतात, जाळीकडे बघतात आणि निघून जातात.

करून पाहा

१. कारलं, काकडी, दोडका किंवा कृष्णकमळ यांचा कोवळा तणावा शोधा. त्याच्या टोकाच्या आतल्या बाजूला पेन्सिल हलकेच घासा आणि घड्याळ लावून बघत राहा. तो किती वेळात वाकला?

२. काठीला धरलेल्या तणाव्याचे वेढे मोजा. एका दिशेला किती, उलट दिशेला किती?

३. तुमच्या अंगणात किंवा गच्चीवर नवं झाड लावण्याआधी आजीचे तीन प्रश्न घरातल्या सगळ्यांना विचारा: पाणी कोण घालणार, राखण कोण करणार आणि चढणार कशावर? उत्तरं वहीत लिहा. झाड मग निवडा.