विश्लेषण : जुन्या पद्मिनीच्या रेडिएटरमधले पाणी जाते कुठे? इंजिन न उघडता गळती कशी शोधतात?

मुंबईच्या रस्त्यांवरील अखेरची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाद झाली. मात्र, घराघरांत जिवापाड जपलेल्या खासगी पद्मिनी आजही धावतात. त्यांच्या मालकांची एक तक्रार हमखास असते. रेडिएटरमध्ये पाणी टिकत नाही आणि गाडीखाली तर थेंबही दिसत नाही. अशा वेळी ‘हेड गॅस्केट गेले’ असे सांगून थेट इंजिन उघडले जाते. प्रत्यक्षात क्रमाने तपासणी केल्यास अनेकदा दोष काही रुपयांच्या क्लिपमध्ये सापडतो.

पद्मिनीचे इंजिन कसे आहे?

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इटलीतील फियाट कंपनीच्या परवान्याने ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. १९६४ पासून ती ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून विकली गेली. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे, कार्ब्युरेटरवर चालणारे. त्याचा ब्लॉक बिडाचा, तर वरचे हेड अॅल्युमिनियमचे आहे.

गळतीच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा ठरतो. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. ४० सेंटीमीटर लांबीचे दोन तुकडे ७० अंशांनी तापवले तर बीड सुमारे ०.३ मिलिमीटर वाढते आणि अॅल्युमिनियम ०.६ मिलिमीटरहून अधिक. या दोन धातूंमध्ये दाबून बसवलेले हेड गॅस्केट प्रत्येक फेरीत ही ओढाताण सोसते. इंजिन एकदा जरी फार तापले तरी हेड वाकू शकते. मग गॅस्केट नवे टाकूनही गळती थांबत नाही.

पाणी जाण्याच्या वाटा किती?

मोजून तीन. पहिली वाट बाहेरची : होज पाइप, क्लिपा, रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅटचे घर, ड्रेन कॉक आणि कोअर प्लग. दुसरी वाट इंजिन ऑइलमध्ये. तिसरी सिलिंडरमध्ये, म्हणजे वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर. शोध नेहमी पहिल्या वाटेपासून सुरू करायचा असतो, कारण ती तपासायला काहीही खोलावे लागत नाही.

त्याआधी खरोखर गळती आहे का, हेही पाहावे लागते. अनेक जुन्या गाड्यांत बाहेर आलेले पाणी साठवणारी बाटली नसते. पाणी २० अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढते. म्हणजे पाच लिटर पाण्यामागे सुमारे १७० मिलिलिटर. रेडिएटर काठोकाठ भरला तर तेवढे पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर सांडणारच. मालक दुसऱ्या दिवशी पुन्हा काठोकाठ भरतो आणि ‘गळती’ सुरूच राहते. इंजिन थंड असताना पाण्याची पातळी खुणेने नोंदवावी आणि तीन-चार दिवस वरून पाणी न भरता रोज थंड इंजिनवर ती पाहावी. एका ठिकाणी येऊन पातळी थांबली तर गळती नाही. ती घसरतच राहिली तर गाडी फार न चालवता पुढची तपासणी करावी.

झाकणाला एवढे महत्त्व का?

रेडिएटरचे झाकण ही खरे तर एक झडप आहे. आतील दाब वाढला की पाणी उशिरा उकळते. दाब एक पीएसआयने वाढला की उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. म्हणजे सात पीएसआयचे झाकण सुमारे दहा अंशांची सवलत देते. स्प्रिंग ढिली झाली किंवा रबर कडक झाले की ही सवलत जाते आणि कुठेही भोक नसताना पाणी वाफ होऊन निघून जाते.

याच्या उलट चूकही सर्रास होते. नव्या गाड्यांची झाकणे १३ ते १५ पीएसआयची असतात. तसे झाकण जुन्या पितळी रेडिएटरवर बसवले तर डाख दिलेले सांधे सुटू शकतात. त्यामुळे झाकण मूळ दाबाचेच हवे. गरम इंजिनवर ते कधीही उघडू नये. दाब सुटताच आतील पाणी क्षणात उकळून अंगावर उडते आणि गंभीर भाजते.

थेंब दिसत नाही, मग शोधायचे कसे?

गळती बारीक असेल तर तापलेल्या धातूवर थेंब सुकून जातो. मागे पांढरा, हिरवट किंवा तांबूस डाग उरतो. म्हणून ओल शोधण्यापेक्षा डाग शोधावेत. पंखा पाणी मागे उडवतो. त्यामुळे सर्वात वरचा आणि सर्वात पुढचा डाग हा खऱ्या जागेच्या जवळ असतो.

पुढची पायरी प्रेशर टेस्टची. थंड इंजिनवर झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरतात आणि १०-१५ मिनिटे काटा पाहतात. काटा स्थिर राहिला तर थंड इंजिनला बाहेरची गळती नाही. तो उतरला तर हातात टॉर्च घेऊन एकेक सांधा पाहायचा. वॉटर पंपाच्या खाली बहुधा एक बारीक भोक असते. तिथून पाणी आले तर पंपाचे सील गेले असे समजावे. ते भोक बुजवू नये, नाही तर पाणी बेअरिंगमध्ये शिरते.

कोअर प्लग हे ब्लॉकच्या ओतकामात राहिलेल्या भोकांवर बसवलेले पातळ पत्र्याचे गोल तुकडे. वर्षानुवर्षे बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरले की ते आतून गंजतात. ते मॅनिफोल्डमागे दडलेले असतील तर आरसा लागतो. तरीही जागा सापडत नसेल तर पाण्यात चमकणारा रंग मिसळून गाडी चालवतात आणि अंधारात यूव्ही टॉर्चने पाहतात.

गळती आतली आहे, हे कसे ओळखायचे?

डिपस्टिकवर किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी गेल्याची शक्यता असते. मात्र, गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर झाकणाखाली असा थर केवळ दमटपणामुळेही जमतो. डिपस्टिकवरचा थर अधिक गंभीर मानावा. इंजिन पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येणे, चारपैकी एकच स्पार्क प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघणे, या तिसऱ्या वाटेच्या खुणा.

खात्रीसाठी रासायनिक चाचणी करतात. रेडिएटरच्या तोंडाशी जमलेली हवा निळ्या द्रवातून ओढली जाते. तिच्यात जळलेल्या पेट्रोलचा वायू असेल तर द्रव पिवळा पडतो. या खुणा आणि चाचण्यांतून आतल्या गळतीचा पुरावा मिळाल्यावरच हेड उतरवणे योग्य. ते उतरल्यावर सपाट पट्टीने वाक मोजल्याशिवाय नवे गॅस्केट बसवू नये.

हळद किंवा ‘स्टॉप लीक’ चालते का?

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय चालकांना जुनाच ठाऊक आहे. बारीक कण पाण्याबरोबर फिरतात आणि छिद्रात अडकतात, इतकाच त्यामागचा कार्यकारणभाव. पण कणांना गळतीचे छिद्र आणि रेडिएटरची अरुंद नळी यांतला फरक कळत नाही. भर घाटात घरी पोहोचण्यापुरता हा उपाय ठीक. नंतर सगळी यंत्रणा धुवावी लागते.

तापमानाच्या काट्यावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. पातळी सेन्सरच्या खाली गेली तर काटा खोटा आकडा दाखवू शकतो. काटा खाली आहे म्हणून इंजिन थंडच आहे, असे नाही.

वेळीच शोध का महत्त्वाचा?

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. त्यासाठी चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. सत्तरच्या दशकातील पद्मिनी आता या टप्प्यावर येत आहेत. कारखाना बंद झालेल्या गाडीचे मूळ हेड एकदा तडकले की ते दुकानात नवे मिळत नाही. गॅरेजवाल्याने हेड खोलायला सांगितले, तर ‘प्रेशर टेस्ट केली का?’ हा एक प्रश्न विचारावा. ती चाचणी तासाभरात होते आणि तिच्यासाठी इंजिनाचा एकही नट सोडवावा लागत नाही.