सहा मिनिटांचा हिशोब

पहाटे 5.20
धुळ्याजवळ गोंदूरला विमानतळ आहे. राखणदार मामा फाटक उघडतात. इथे प्रवासी येत नाहीत, त्यामुळे बॅगांची रांग नाही की घोषणा नाहीत. एक धावपट्टी, हँगर, रेडिओची खोली आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी. एप्रिल आहे. मामा पिशवीकडे बघून सांगतात, "आज वारा पडेल शे." म्हणजे पडलाय. मोबाइलवरचं हवामान मी त्यानंतर बघतो.

5.35
सेसना 172 हँगरबाहेर काढायची. रिकामी असताना साधारण पाऊण टन, पण दोघांत निघते. मी नाकाच्या चाकाला दांडा लावून वळवतो, मामा पंखाखालच्या तिरक्या टेकूला मुळाशी धरून रेटतात. मामांचा रोज पाचशे रुपये. त्यात ढकलणं, झाडणं, राखण, सगळं आलं.

5.50
साक्रीकडची एक मुलगी माझ्याकडे उडायला शिकते. घरी कांद्याची शेती. तिच्या लॉगबुकात 61 तास 24 मिनिटं आहेत. व्यावसायिक पायलटच्या परवान्याला 200 लागतात.
ती पिटोट नळीवरचं लाल टोपण काढते. रात्री ते घालायचं राहिलं, तर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते आणि हवेत वेगाचा काटा खोटं बोलतो. मग इंधन. इंधन काढून बघायच्या झडपा तेरा, प्रत्येकीतून थोडं पेल्यात काढायचं. ती पेला उजेडाकडे धरते. निळं, स्वच्छ. चौथ्या झडपेला तळाशी पाण्याचा मण्याएवढा थेंब. ती पुन्हा काढते, पुन्हा बघते. तिसऱ्या वेळी थेंब नाही.
"आता ठीक आहे, सर."
हे निळं अॅव्हगॅस बडोद्याजवळच्या कोयली रिफायनरीत 2022 पासून बनतं. आधी सगळं परदेशातून यायचं. तासाला तीसेक लिटर जळतं.

6.30
मीटर सुरू. तो तास दशांशात मोजतो. 0.1 म्हणजे सहा मिनिटं. उड्डाणाच्या तासाचे चौदा हजार रुपये धरले, तर दर सहा मिनिटांना चौदाशे.
55 नॉट्सला ती नाक उचलते. दक्षिणेला लळिंगचा किल्ला, खाली पांझरेची वाळू, महामार्गावर मुंग्यांसारखे ट्रक. गावातला धूर सरळ वर जातोय. मामा बरोबर होते.

7.10
उतरण्याच्या सरावाची पाचवी फेरी. अंतिम टप्प्यात वेग 65, उंची बरोबर. तेवढ्यात धावपट्टीच्या मधोमध कुत्रं. आडवं जायचं सोडून ते तिथेच बसलं.
"सर?"
मी काही बोलत नाही. ती थ्रॉटल पूर्ण आत ढकलते, नाक सावरते, फ्लॅप टप्प्याटप्प्याने घेते, रेडिओवर सांगते. खाली मामा काठी घेऊन पळताना दिसतात. पुढची फेरी घेऊन उतरायला सहा मिनिटं गेली.

7.42
इंजिन बंद. मीटर 1.2 दाखवतो.
"कुत्र्याचे किती झाले?" ती विचारते.
"चौदाशे."
मामा अजून धापा टाकताहेत. चहा मी मागवतो. दहाचा एक, तीन.

10.40
आणखी दोघांना घेऊन 1.0 आणि 1.1 झाले. आता जमीन तापली. विमान खालून कोणीतरी लाथा घातल्यासारखं उडतं. तापलेली हवा विरळ, म्हणून धाव लांबते आणि चढण मंदावते. दुपारचं उड्डाण बंद.

1.15
हँगरचा पत्रा तडतडतो. डबे उघडतात. मामांकडे कळण्याची भाकरी आणि ठेचा. मेकॅनिक स्पार्क प्लग काढून ब्रशने घासतोय. विद्यार्थी नकाशावर जळगावची रेघ मारताहेत. उद्या तिकडे जायचं, तर मुंबईहून एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) आणि एडीसी (हवाई संरक्षण परवानगी) नंबर घ्यावे लागतील. त्यांच्याशिवाय चाक हलत नाही.

4.50
मुलीचं आजचं दुसरं उड्डाण, एकटीचं. तपासणी झाली, पट्टा लावला. पिशवी अचानक आडवी झाली. पश्चिमेला धुळीची भिंत. ती माझ्याकडे बघते, मी नुसती मान हलवतो. ती चावी काढते. मीटर चाललाच नाही. तिचे पैसे वाचले, पण तास गेला. मला उडवल्या तासाचे मिळतात, तेही गेले.

5.05
डोळ्यांत, दातांत धूळ. तिघं मिळून विमान आत घेतो. चाकांना चॉक, पिटोटला लाल टोपण.

6.40
मामा फाटक लावतात. ओट्यावर बसून ती लॉगबुक भरते. आजचा 1 तास 12 मिनिटं. एकूण 62 तास 36 मिनिटं. बाकी 137 तास 24 मिनिटं.
उद्या फाटक 5.20 ला.