धातूत न मावलेले अक्षर

लग्नपत्रिका, अत्तराच्या कुपीवरील वेष्टन किंवा एखाद्या उपाहारगृहाची पाटी पाहताना रोमन लिपीतील लांबच लांब शेपट्यांची, डौलदार वळणांची अक्षरे अनेकदा नजरेस पडतात. कुणीतरी टाकाने एका दमात लिहिली असावीत, असेच वाटते. प्रत्यक्षात त्यांपैकी बरीच अक्षरे संगणकाच्या कळफलकावर उमटलेली असतात. या घराण्यातील एक सुपरिचित टंक म्हणजे १९९८ साली लायनोटाइप कंपनीने प्रसिद्ध केलेला ‘झाफिनो’. जर्मन सुलेखनकार हर्मन झाफ यांनी तो घडविला. मात्र त्याचे मूळ त्याआधी ५४ वर्षे, महायुद्धाच्या धामधुमीत लिहिलेल्या वहीच्या एका पानात आहे.

झाफ यांचा जन्म १९१८ साली न्यूरेम्बर्ग येथे झाला. त्यांना विद्युत अभियंता व्हायचे होते. परंतु कामगार चळवळीशी संबंध असलेल्या वडिलांची नोकरी १९३३ मध्ये नाझी राजवटीत गेली आणि मुलाचे पुढील तांत्रिक शिक्षणही खुंटले. छपाईच्या व्यवसायात छायाचित्रांची दुरुस्ती करणारा उमेदवार म्हणून ते काम करू लागले. १९३५ मध्ये रुडॉल्फ कॉख या अक्षरकाराच्या कलाकृतींचे प्रदर्शन त्यांनी पाहिले आणि पुस्तकांच्या आधारे घरीच सुलेखनाचा सराव आरंभला. युद्धात त्यांच्याकडे नकाशे काढण्याचे काम आले. भिंगाशिवाय एक मिलिमीटर उंचीची अक्षरे लिहिण्याइतका त्यांचा हात बसला होता. याच काळात, १९४४ मध्ये, त्यांनी आपल्या वहीत एक मुक्त, वाहती वर्णमाला लिहून ठेवली.

खिळ्यांची चौकट

युद्धानंतर ही वळणे छपाईत आणण्याचा प्रयत्न झाफ यांनी फ्रँकफर्टच्या स्टेंपेल या ओतशाळेसाठी केला. पण धातूने साथ दिली नाही. खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक अक्षर शिशाच्या स्वतंत्र चौकोनी ठोकळ्यावर बसलेले असते. हाताने लिहिताना एका अक्षराची शेपटी शेजारच्या अक्षराखाली सहज सरकते. खिळ्यात मात्र ती ठोकळ्याबाहेर काढावी लागते आणि असा नाजूक भाग मोडण्याची भीती असते. दुसरी अडचण एकसारखेपणाची. हाताने लिहिलेली दोन अक्षरे तंतोतंत सारखी कधीच नसतात, तर एका साच्यातून निघालेला खिळा प्रत्येक वेळी तसाच उमटतो. त्यामुळे त्या काळच्या टंकात ही वळणे आवरती घ्यावी लागली.

१९९३ मध्ये डेव्हिड सीगल या अमेरिकी तरुणाने झाफ यांना पत्र लिहिले. अक्षरांची अनेक रूपे असलेला, संगणकाच्या साह्याने हस्ताक्षराचा जिवंतपणा आणणारा टंक त्याच्या मनात होता. झाफ यांना १९४४ चे ते पान आठवले. सीगलने हा प्रकल्प अर्ध्यावर सोडला. पण झाफ यांनी तो लायनोटाइपकडे नेऊन पूर्णत्वास नेला.

शेजार पाहून रूप

झाफिनोचे मर्म त्याच्या पर्यायी रूपांत आहे. एकाच अक्षराची आखूड, लांब, वर झेपावणारी, खाली लोंबणारी अशी रूपे त्यात आहेत. शिवाय जोडाक्षरे आणि अलंकारही आहेत. ॲपलने आपल्या संगणकांत त्याचा समावेश केल्यावर तो जगभर पसरला. तेथील आवृत्तीत शेजारची अक्षरे पाहून संगणक योग्य रूप आपोआप निवडतो. टंकाचे नाव रोमन अक्षरांत टाइप केले, तर सातही अक्षरे मिळून एकच अखंड आकृती उमटते.

मराठी वाचकाला हे तत्त्व परके नाही. देवनागरीत ‘क’ आणि ‘ष’ एकत्र आले की ‘क्ष’ होतो. संगणकावर देवनागरी जोडाक्षरे दिसतात तीही शेजार पाहून आकृती बदलण्याच्या याच पद्धतीने. रोमन लिपीत जी हौस आहे, ती आपल्याकडे गरज आहे, एवढाच फरक.

दागिना बेतानेच शोभतो

असा टंक मजकुरासाठी नव्हे, तर शीर्षकासाठी असतो. नाव, दोन-तीन शब्द, फार तर एखादी ओळ. आकार मोठा हवा आणि ओळींमध्ये भरपूर मोकळी जागा हवी. अन्यथा वरच्या ओळीची शेपटी खालच्या ओळीत अडकते. संपूर्ण शब्द मोठ्या लिपीत लिहिल्यास तो वाचताच येत नाही. प्रत्येक अक्षराला फुलोरा देण्याचा मोहही टाळावा. आरंभी किंवा अखेरीस एखादे वळण पुरते. सहज उपलब्धतेमुळे नेमका हाच विवेक सुटतो आणि सर्व पाट्या एकाच हाताने लिहिल्यासारख्या दिसू लागतात. संगणक अक्षराची रूपे पुरवितो. त्यांतील कोणते कुठे थांबवायचे, हे अजूनही डोळ्यालाच ठरवावे लागते.

झाफ यांचे २०१५ मध्ये निधन झाले. पॅलाटिनो आणि ऑप्टिमा हे त्यांचे टंक पुस्तकांतून आणि फलकांवरून आधीच सर्वत्र पोहोचले होते. वहीतील त्या पानाला मात्र यंत्र आपल्या योग्यतेचे होईपर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ थांबावे लागले.