ठळक, तिरकस व कोनयुक्त देवनागरी अक्षरवळण : उपयोग व मर्यादा

मजकुराचे अक्षर सलग वाचनासाठी, तर शीर्षकाचे अक्षर प्रथम लक्ष वेधण्यासाठी घडविलेले असते. ठळक, तिरकस व कोनयुक्त वळण दुसऱ्या प्रकारात मोडते. ठळकपणामुळे ते दुरून नजरेत भरते, तिरकसपणामुळे गती सूचित होते व कोनांमुळे आवेश प्रकट होतो. अक्षराच्या वळणातूनच आशय व्यक्त करण्याचे सामर्थ्य कमल शेडगे (निधन २०२०) यांच्या मराठी नाट्यशीर्षकांत दिसून येते.

देवनागरीत या वळणाला काही मर्यादा पडतात. अक्षर कलले तरी शिरोरेषा आडवीच राहते. वेलांटी, मात्रा शेजारच्या अक्षरावर झुकतात. रेषा जाड होताच आतील पोकळी बुजते आणि 'ब' हा 'व'सारखा, 'ध' हा 'घ'सारखा भासतो.

दुकानाच्या फलकावर हा दोष सुसह्य ठरतो. कीटकनाशकाच्या वेष्टनावर मात्र तो घातक ठरू शकतो. २०१७ मध्ये पांढरकवडा ज्या यवतमाळ जिल्ह्यात आहे, तेथे फवारणीतील विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे बळी गेले. त्यामागील कारणे अनेक होती. तथापि सूचनांची सुवाच्यता किती मोलाची आहे, हे त्यातून अधोरेखित होते. म्हणून उत्पादनाचे नाव ठळक व तिरकस असण्यास हरकत नाही. परंतु प्रमाण व सावधगिरीच्या सूचना सरळ, मोकळ्या अक्षरांतच असणे आवश्यक आहे.