काळजी आणि चिंतारोग : शेतकऱ्याने तो ओळखावा कसा व इलाज कोणता करावा

शेतीचा धंदा मुळातच काळजीचा आहे. मृग कोरडा गेला तर पेरणीची काळजी, पेरणी साधली तर उगवणीची, पीक डोलू लागले तर गारपिटीची, आणि माल घरात आला तर भावाची. ही काळजी स्वाभाविक तर आहेच, पण पुष्कळ अंशी उपयोगाचीही आहे. काळजी वाटते म्हणूनच शेतकरी वेळेवर बांध घालतो, बियाण्याची उगवणशक्ती पाहून घेतो व पीकविम्याची मुदत चुकू देत नाही. परंतु हीच काळजी मर्यादेबाहेर वाढून रात्रंदिवस मनुष्यास सोडीनाशी झाली, म्हणजे ती नुसती काळजी राहत नाही. तिचा रोग होतो. या रोगाची माहिती आपल्या वर्गात फार थोडी आहे. सबब तो ओळखावा कसा व त्यावर इलाज कोणता, हे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही वैद्य नव्हे; आमची हयात महसुलाच्या दप्तरात गेली. तेव्हा येथे जे लिहीत आहो ते वैद्यकशास्त्रात आज मान्य असलेलेच आहे, व त्याचा हेतू वाचकांस डॉक्टरांच्या दारापर्यंत पोहोचविणे एवढाच आहे.

रोगाची ओळख

डॉक्टर लोक या रोगास जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डर म्हणतात. आपण त्यास सर्वव्यापी चिंताविकार म्हणू. व्हिएन्ना येथील डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ साली चिंतेचा विकार मज्जादौर्बल्यापासून निराळा काढून दाखविला. पुढे १९८० साली अमेरिकेतील मानसरोगतज्ज्ञांच्या संस्थेने आपल्या रोगसूचीच्या तिसऱ्या आवृत्तीत या विकारास स्वतंत्र नाव दिले.

त्याच सूचीच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीप्रमाणे खूण अशी : निरनिराळ्या गोष्टींविषयी प्रमाणाबाहेर चिंता, निदान सहा महिने, बहुतेक दिवशी; ती आवरू म्हटले तरी आवरत नाही; आणि तिच्या जोडीला पुढील सहांपैकी तीन तरी लक्षणे असतात. ती सहा लक्षणे म्हणजे अस्वस्थता, लवकर थकवा, चित्त एकाग्र न होणे, चिडचिड, स्नायू ताठरणे आणि झोप बिघडणे. यामुळे मनुष्याच्या कामकाजास बाध येत असला पाहिजे, हीही अट आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा विकार सुमारे दुपटीने आढळतो. यास्तव घरातील मायबहिणींच्या तक्रारीस ‘उगाच घोर लावून घेते’ असे म्हणून उडवून लावू नये.

आपल्या खेड्यांत मात्र रोगी ‘मला चिंता वाटते’ असे क्वचितच सांगतो. तो म्हणतो, छातीत धडधडते, जीव घाबरा होतो, पोटात गोळा उठतो, हातापायांस घाम सुटतो, डोके भणभणते. मग तो पोटाचे औषध घेतो, छातीची पट्टी काढवितो, अंगारे धुपारे करितो, आणि मूळ रोग जागच्या जागी राहतो.

साधी काळजी व रोग यांतील भेद

हा भेद तीन कसोट्यांनी कळतो. पहिली, काळजीचे कारण फिटल्यावर ती जाते की नाही. निरोग्याची काळजी पाऊस पडताच ओसरते. रोग्याची काळजी एका विषयावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसते. दुसरी, ती प्रसंगाच्या मानाने बेताची आहे की नाही. तिसरी, ती कामास लावते की कामावरून उठविते.

या कसोट्या एका उदाहरणाने स्पष्ट होतील. आमच्या नोकरीच्या काळात एक बागाईतदार दर आठ-पंधरा दिवसांनी कचेरीत येत असत. जमीन निर्वेध, विहिरीस पाणी, डोक्यावर कर्ज नाही. तरी सातबाऱ्यावर कोणी दुसऱ्याचे नाव तर चढविले नाही ना, हे पाहण्यासाठी ते उतारा मागत. उतारा हाती पडला की चेहऱ्यावर समाधान दिसे. ते चार दिवस टिके, आणि मग पुन्हा येत. पुढे उताऱ्याचा घोर कमी झाला, तो मुलाच्या परीक्षेवर गेला. परीक्षा उरकली, तो स्वतःच्या हृदयावर गेला. हृदयाच्या तपासण्या निर्दोष निघाल्या. अखेर त्यांच्या जावयांनी त्यांस जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले, आणि काही महिन्यांच्या उपचाराने ते गृहस्थ पुन्हा निवांत झोपू लागले. वारंवार खात्री करून घेणे हे या रोगाचे मोठे लक्षण आहे. आजकाल हीच खोड मोबाइलवर दिसते. दिवसातून वीस वेळा हवामान पाहणे, तीस वेळा बाजारभाव पाहणे. अशा पाहण्याने घटकाभर बरे वाटते व चिंतेचे मूळ अधिक खोल जाते.

याच्या उलट दुसरा प्रकार टाळाटाळीचा. बँकेचे पत्र आले तर ते न फोडता कोनाड्यात ठेवावयाचे, नोटीस आली तर ती घरात कोणास दाखवावयाची नाही. येथे कोणी म्हणेल, ‘कर्जच खरे असेल तर औषधाने ते फिटणार काय ?’ प्रश्न रास्त आहे. औषधाने कर्ज फिटत नाही. परंतु कर्जाचे पुनर्गठन, विम्याचा दावा, नुकसानीचा पंचनामा या ज्या वाटा मोकळ्या असतात, त्यांवर चालण्याची शक्ती हा रोग काढून घेतो. मुदत टळते ती पुष्कळदा पैशाच्या अभावी नव्हे, तर कागद उघडण्याच्या धास्तीमुळे. म्हणून कर्जाची व्यवस्था आणि रोगाचा उपचार ही दोन्ही कामे बरोबरीने चालली पाहिजेत.

आधी काय तपासावे

चिंतेसारखी लक्षणे दुसऱ्या रोगांतही होतात. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी प्रमाणाबाहेर काम करू लागली तर धडधड, घाम व हातांस कंप होतो. रक्तक्षय, हृदयविकार, मधुमेहाच्या औषधाने साखर उतरणे, दारू एकाएकी सोडणे, यांतही तसेच होते. दिवसाकाठी आठ-दहा कप चहा हेदेखील एक कारण असते. शेतकऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फवारणीनंतर अस्वस्थता, घाम, तोंडास पाणी सुटणे, अंधुक दिसणे किंवा स्नायू उडणे अशी लक्षणे झाली, तर ती चिंता न समजता विषबाधा समजावी, व अंगावरील कपडे काढून, अंग साबणाने धुऊन, औषधाच्या डब्यासह तत्काळ रुग्णालय गाठावे.

पारख करण्यासाठी डॉक्टर बहुधा सात प्रश्नांची एक पत्रिका वापरतात. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. मागील दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, यास शून्य ते तीन गुण द्यावयाचे. एकूण गुण २१. पाचापासून सौम्य, दहापासून मध्यम व पंधरापासून तीव्र चिंता समजतात. दहा किंवा अधिक गुण आल्यास नीट तपासणी करून घ्यावी. केवळ गुणांवरून रोग ठरत नाही. तो डॉक्टरांनीच ठरवावयाचा असतो.

उपचार

उपचाराचे दोन मार्ग आहेत, बोलण्याचा व औषधाचा. गरजेप्रमाणे दोन्ही एकत्र योजितात.

पहिल्या मार्गात रोग्यास आपले विचार पारखून पाहण्यास शिकवितात. अमेरिकेतील डॉ. आरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. घरी करण्याजोगा त्याचा एक भाग म्हणजे काळजीची वही. ज्याप्रमाणे जमाखर्चाच्या वहीत दोन बाजू असतात, त्याप्रमाणे एका बाजूस ‘माझ्या हातचे’ व दुसऱ्या बाजूस ‘माझ्या हातचे नव्हे’ असे लिहावे. पंपाची दुरुस्ती हातची आहे. तिच्यापुढे दिवस नेमावा. पाऊस हातचा नाही. तो लिहून सोडून द्यावा. काळजीसाठी दिवसातून वीस-तीस मिनिटांची एकच वेळ ठरवावी, मात्र ती निजण्याच्या वेळेलगत नसावी. इतर वेळी विचार आला तर तो त्या वेळेवर टाकावा. शिकागो येथील डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली ग्रंथरूपाने मांडलेली स्नायू सैल करण्याची रीतही उपयोगाची आहे. मूठ, दंड, खांदे, पोट, पाय असे एकेक अंग पाच सेकंद आवळून सावकाश सैल सोडावे. नेमाने चालणे, चहा कमी करणे व दारू वर्ज्य करणे यांचाही गुण येतो. दारूने रात्रीपुरती चिंता बुडते. सकाळी ती दुणावून वर येते.

दुसरा मार्ग औषधांचा. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम, व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन ही यांतील प्रमुख औषधे. त्यांची सवय नशेसारखी लागत नाही. परंतु गुण येण्यास दोन ते सहा आठवडे लागतात, व पहिले काही दिवस मळमळ किंवा अस्वस्थता वाढूही शकते. त्यामुळे आठ दिवसांत औषध टाकून देणारे पुष्कळ असतात, व तेच फसतात. बरे वाटल्यावरही सहा ते बारा महिने औषध चालू ठेवावे लागते, आणि थांबविताना ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे लागते.

अल्प्राझोलॅम, डायझेपाम या जातीच्या गोळ्यांविषयी मात्र सावध असावे. त्यांनी तासाभरात शांत वाटते, पण काही आठवड्यांतच सवय जडते, झापड येते, यंत्रावरील व वाहनावरील हात चुकतो. त्या थोड्या दिवसांकरिता व डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. शेजाऱ्याची गोळी घेऊ नये, दारूबरोबर तर मुळीच नाही. आणि बराच काळ घेत असलेली गोळी एकदम बंदही करू नये.

इलाज खेड्यात पोहोचतो काय ?

पोहोचतो, याचा दाखला आहे. गोव्यात चिंता व औदासीन्य यांच्या रोग्यांसाठी एक प्रयोग झाला. प्राथमिक उपचाराच्या ठिकाणी, वैद्यकीय पदवी नसलेले परंतु शिकवून तयार केलेले स्थानिक सल्लागार, डॉक्टर व भेटीस येणारे मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून काम केले. २०१० साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सरकारी दवाखान्यांत सहा महिन्यांनी या पद्धतीने शेकडा ६५.९ रोगी बरे झाले. नेहमीच्या पद्धतीने ४२.५. खासगी दवाखान्यांत असा फरक पडला नाही, हेही सांगणे उचित आहे. आमच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत औदासीन्यासाठी असेच काम झाले, आणि उपचार घेणाऱ्या रोग्यांचे प्रमाण शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले.

भीती व लाज

पुष्कळांस वाटते की मानसोपचार घेतला तर आपण ‘वेडे’ ठरू आणि जमिनीचे व्यवहार अडतील. ही भीती निराधार आहे. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट आहे की, सक्षम न्यायालयाने तसे ठरविल्याशिवाय केवळ मानसिक आजार आहे म्हणून कोणी अस्थिरबुद्धी समजला जात नाही. उपचार गुप्त राखण्याचा हक्कही याच कायद्याने दिला आहे. सातबाऱ्यावर रोगाची नोंद होत नाही, हे आम्ही दप्तराच्या अनुभवाने सांगतो.

जिल्हा रुग्णालयात विचारणा करावी. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे विनामूल्य सल्ला मिळतो.

शेवटी एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. घरातील मनुष्य ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असे बोलू लागला, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो काय, असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट मन मोकळे होते. त्यास एकटे सोडू नये, त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, आणि घरातील कीटकनाशक दुसऱ्याच्या कुलपात ठेवावे. किंबहुना ते सदैव कुलपातच असावे. मन चिंती ते वैरी न चिंती, अशी आपली म्हण आहे. पिकावर कीड दिसताच आपण तिचे नाव विचारतो, औषध विचारतो, आणि त्यात कमीपणा मानीत नाही. मनाच्या किडीच्या बाबतीतही वाचकांनी तोच शिरस्ता ठेवावा, व हे चार शब्द ज्यास उपयोगी पडतील त्यास वाचून दाखवावे, अशी आमची विनंती आहे.